आधी लगीन टाइमकोडचं

टाइमकोडचे बॉक्स, म्हणजे सगळ्या यंत्रांना एकच घड्याळ देणाऱ्या छोट्या डब्या, भाड्याने आणायचे, कॅमेऱ्यांवर वेल्क्रोने चिकटवायचे, हिरवा दिवा लुकलुकला की "झालं सिंक" म्हणून शूटला लागायचं, ही पद्धत पुण्यात आता चांगली रुळली आहे. तरीही आठवड्याभराने एडिटरचा फोन येतोच: "ताई, दोन नंबरचा कॅमेरा कुठे बसतच नाहीये." मी साउंड करते. नाटकं, बैठका, माहितीपट आणि भाद्रपदात मिरवणूक. सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचं जुळणं, बिघडलं की पहिलं बोट साउंडवाल्यांकडेच वळतं, म्हणून या कामात मी जरा जास्तच काटेकोर झाले आहे. तुमच्याकडे दोन-तीन मिररलेस कॅमेरे आणि एक वेगळा रेकॉर्डर असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच.

टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला नंबर: तास, मिनिटं, सेकंद, फ्रेम. १०:४२:१७:०८ म्हणजे दहा बेचाळीस, सतरावा सेकंद आणि त्या सेकंदातली आठ नंबरची फ्रेम. सगळ्या यंत्रांनी एकाच घड्याळावरून नंबर लावला की एडिटिंगमध्ये सारखे नंबर एकाखाली एक बसतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. निसटतं ते पुढचं. आपल्या हाताशी असणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत आणि रेकॉर्डरमध्ये फाइलवर लिहिला जातो तो फक्त सुरुवातीचा नंबर. बाकीचे सॉफ्टवेअर मोजून काढतं. वेव्ह फाइलमध्ये तर तास-मिनिटंही नसतात, मध्यरात्रीपासून किती सॅम्पल (आवाजाची मोजमापं, ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ४८,०००) झाले तेवढा एक आकडा असतो. ४८ किलोहर्ट्झला सकाळचे दहा वाजले म्हणजे १,७२,८०,००,०००. एकशे बहात्तर कोटी ऐंशी लाख. बस, एवढीच नोंद.

डेक्कन क्वीनच्या तिकिटावर गाडी सुटायची वेळ छापलेली असते. ती घाटात किती रखडली ते तिकिटावर येत नाही. तसंच हे. रोल, म्हणजे रेकॉर्डिंग, दाबल्यानंतर प्रत्येक कॅमेरा आपल्या आतल्या क्रिस्टलच्या घड्याळाच्या चालीने चालतो, आणि कोणाचीही चाल हुबेहूब दुसऱ्यासारखी नसते. चाल बांधून ठेवायची असेल तर जेनलॉक (सगळ्या कॅमेऱ्यांना बाहेरून एकाच चालीने चालवणारा सिग्नल) लागतं, आणि ती सोय साध्या मिररलेसमध्ये नसते. म्हणून आपल्या हातात दोनच कामं उरतात. सगळ्यांच्या फाइलवर सुरुवातीचा नंबर खरा पडेल असं बघायचं, आणि एक टेक इतका लांबवायचा नाही की वाटेतला फरक डोळ्याला दिसेल.

फ्रेम रेट आधी ठरवा, आणि तो २५ ठरवा

आपली वीज ५० हर्ट्झची. हॉलमधल्या ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर त्यात नीट बसतं. ३० लावलं की पडद्यामागच्या ट्यूबा फडफडायला लागतात आणि मग नाटक संपेपर्यंत कॅमेरामन दादा शटर फिरवत बसतात. शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘३०’ लिहिलेलं असतं ते खरं २९.९७ असतं आणि ‘२४’ हे २३.९७६ असतं. अमेरिका-जपानमधून आणलेला कॅमेरा बहुतेक वेळा एनटीएससीवर (तिकडच्या टीव्हीची ३०ची पद्धत) असतो. पालवर (आपली २५ची पद्धत) न्यायला काही मॉडेल कार्ड फॉरमॅट करायला लावतात. हे आदल्या रात्री करा, नटाने मेकअप पुसल्यावर नाही.

रेकॉर्डर, बॉक्स आणि सगळे कॅमेरे, सगळीकडे २५. एकच कॅमेरा २३.९७६ वर राहिला तर तो एकतर आलेला टाइमकोड नाकारतो, नाहीतर मुकाट्याने भलताच नंबर घेतो. नाकारलेला परवडतो, निदान लगेच कळतं. स्लो मोशनचे शॉट या हिशेबातून बाहेर ठेवा. त्यांना बहुतेक वेळा आवाजही नसतो आणि नंबरही कामाचा नसतो.

ड्रॉप फ्रेमबद्दल विचारणारे भेटतात. तो अमेरिकन टीव्हीचा प्रश्न. २९.९७ चे नंबर खऱ्या घड्याळामागे तासाला ३.६ सेकंद पडतात, म्हणून तिकडे दर तासाला १०८ नंबर गाळतात. फ्रेम गाळत नाहीत, नंबर गाळतात. २५ ला याची गरजच नाही. क्लायंट अमेरिकेतला असेल आणि त्याने लेखी मागितलं असेल तरच त्या मेनूला हात लावा.

घड्याळ कोणाचं?

घरात एकच घड्याळ खरं मानायचं. झूम एफ८एनसारख्या रेकॉर्डरमध्ये चांगलं टाइमकोड जनरेटर असतं, ०.२ पीपीएमचं (दहा लाखांत ०.२ इतकंच चुकणारं), म्हणजे दिवसभरात अर्ध्या फ्रेमच्या आसपास सरकणारं. त्याच्या बीएनसी या गोल, फिरवून लावायच्या सॉकेटमधून टाइमकोड काढून सगळे बॉक्स त्यावर जॅम करता येतात, म्हणजे त्याच्या घड्याळाला लावता येतात. मी उलट करते: एक बॉक्स मालक, बाकीचे बॉक्स त्याच्यावर जॅम, आणि रेकॉर्डरलाही एक बॉक्स कायमचा जोडलेला. महाग पडतं, पण एकाच जातीचे सगळे बॉक्स फोनच्या ॲपवर एका नजरेत दिसतात आणि कोणाची बॅटरी मरतेय तेही कळतं. बॉक्स टेंटॅकलचा असो, डीइटीचा असो, अल्ट्रासिंक असो, रीत तीच. भाड्याने घेताना मात्र दोन कंपन्यांचे मिसळून आणू नका. चालतात, वायरने एकमेकांवर जॅमही होतात, पण एकत्र दिसत नाहीत, आणि सकाळी सात वाजता दोन ॲप उघडून बसायची हौस कोणाला असते?

कॅमेऱ्यात फ्री रन लावा, म्हणजे रोल थांबला तरी नंबर चालू राहतो. रेक रनमध्ये नंबर फक्त रोल चालू असताना पुढे सरकतो, तो एकट्या कॅमेऱ्याच्या कामाचा. रेकॉर्डरवर बाहेरून टाइमकोड घ्यायचा पर्याय निवडा. झूममध्ये ते ‘एक्स्ट’ नावाने येतं. शेजारीच ‘एक्स्ट ऑटो रेक’ असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. बाहेरून टाइमकोड आला की रेकॉर्डर आपोआप सुरू होतो आणि मग चहाच्या गप्पांनी कार्ड भरतं.

दर वेळी एखादा नवा मुलगा म्हणतोच, "ताई, माझ्या कॅमेऱ्यात वेळ बरोबर आहे की!" तो दाखवत असतो ती तारीख-वेळेची सेटिंग. ती मिनिटापर्यंत बरोबर असेल, आपल्याला एका सेकंदाचा पंचविसावा भाग हवाय. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. कॅमेऱ्याच्या साध्या क्रिस्टलमध्ये २० पीपीएमचा फरक असला तर तासाला ७२ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम. दिवसभरात काय होईल ते तुम्हीच मोजा. म्हणून सकाळी एकदा जॅम करून बॉक्स काढून बॅगेत टाकायचा, हा कंजूषपणा नको. बॉक्स कॅमेऱ्यावर दिवसभर जोडलेला राहू दे. कॅमेरा बंद केला, बॅटरी बदलली, तरी चालू केल्यावर बॉक्स त्याला पुन्हा खरा नंबर देतो.

वायर

इथे जरा थांबते, कारण घोळ होतो तो इथेच.

कॅमेऱ्याला टाइमकोडची स्वतंत्र वाट असेल तर प्रश्न मिटला. सोनी एफएक्स६ ला बीएनसी आहे. मेनूत ते ‘इन’ वर आहे का तेवढं बघा. एफएक्स३ ला बीएनसी नाही, पण मल्टी टर्मिनलमधून खास वायरने टाइमकोड घेता येतो, फर्मवेअर अलीकडचं असेल तर. भाड्याच्या कॅमेऱ्यात ते असेलच असं नाही, घ्यायच्या आधी विचारा. ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के आणि ६के माइकच्याच जॅकमधून टाइमकोड ओळखतात. स्क्रीनवर टाइमकोडशेजारी ‘एक्स्ट’ दिसलं की पोचला.

बाकी सगळे, म्हणजे कॅननचे जुने डीएसएलआर, साधे मिररलेस, ज्यांना टाइमकोड कशाशी खातात ते माहीत नाही, त्यांच्यासाठी टाइमकोड आवाज म्हणून रेकॉर्ड करायचा. याला एलटीसी म्हणतात. दर फ्रेमला ८० बिट, २५ फ्रेमला सेकंदाला २,००० बिट, आणि हा सगळा मजकूर हजार ते दोन हजार हर्ट्झच्या चौकोनी लाटेत. हेडफोन लावून ऐकलात तर एकसुरी, कर्कश किरकिर ऐकू येते. ती डाव्या चॅनेलवर जाते. उजव्या चॅनेलवर बॉक्सच्या आतल्या माइकचा स्क्रॅच, म्हणजे कामचलाऊ, आवाज येतो, टेंटॅकलमध्ये ही सोय आहे. तो स्क्रॅच आवर्जून ठेवा, टाइमकोड फसला तर तोच वाचवतो.

आता लेव्हल. बॉक्सचं आउटपुट माइक लेव्हलवर (बारीक सिग्नल) ठेवा, लाइनवर (जोरदार सिग्नल) नाही. लाइन दिली तर कॅमेऱ्याचा माइक इनपुट फाटतो. कॅमेऱ्यात ऑटो गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणं) बंद. लिमिटर बंद. नॉइज रिडक्शन बंद, कारण त्याला वाटतं ही किरकिर म्हणजेच नॉइज आहे, आणि ते इमानेइतबारे तुमचा टाइमकोड पुसून टाकतं. गेन हाताने इतका ठेवा की डाव्या चॅनेलचा मीटर उणे २० ते उणे १२ डीबीच्या मध्ये कुठेतरी स्थिर उभा राहील. स्थिर हे महत्त्वाचं. आवाजाचा मीटर नाचतो, टाइमकोडचा मीटर खिळ्यासारखा उभा असतो. तो हलायला लागला की वायर ढिली आहे किंवा ऑटो गेन कुठेतरी चालू राहिलंय. डावीकडची किरकिर उजवीकडे झिरपत असेल तर गेन आणखी थोडा खाली आणा. दूर उभं राहून कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे नुसतं बघूनही हे मीटर तपासता येतात, म्हणून मी नाटकाच्या मध्यंतरात एक फेरी मारतेच.

वायर विकत घेताना सरळ जॅकची घेऊ नका. कॅमेऱ्यातून बाहेर आलेल्या सरळ पिनला गर्दीत कोपर लागतंच. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत एल टाइपच्या पिना मिळतात, तिथेच वीतभर लांबीच्या वायरी करून घ्या. दोन्ही टोकांना एल पिन, आणि दुकानातून बाहेर पडायच्या आत मल्टिमीटरने तपासून. लांब वायर लोंबकळते, ट्रायपॉडच्या हँडलमध्ये अडकते. प्रत्येक कॅमेऱ्याच्या वायरीवर त्या कॅमेऱ्याच्या रंगाची टेप लावली की सकाळचा अर्धा गोंधळ कमी होतो.

टेबलावरची चाचणी

सगळे कॅमेरे एका टेबलावर एका ओळीत ठेवा, रेकॉर्डर मध्ये. सगळं जोडलेलं, सगळे बॉक्स हिरवे. रोल करा. सगळ्या लेन्सना दिसेल अशी पाटी धरा आणि क्लॅप द्या. दोन मिनिटं जाऊ द्या, पुन्हा क्लॅप. मग थांबवून एकेक क्लिप लॅपटॉपवर उघडा आणि पाटी मिटल्याची फ्रेम कोणत्या नंबरवर आहे ते कागदावर लिहा. नुसतं कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चार घड्याळं सारखी दिसतात म्हणून समाधान मानू नका. कित्येक कॅमेरे स्क्रीनवर टाइमकोड दाखवतच नाहीत, रोल किती चालला त्याचा काउंटर दाखवतात आणि दोन्ही आकडे लांबून सारखेच वाटतात.

या चाचणीत एखादा कॅमेरा नेहमी एक किंवा दोन फ्रेमनी मागे-पुढे दिसेल. घाबरू नका. चित्रावर प्रक्रिया करायला कॅमेऱ्याला वेळ लागतो, त्यातून हे येतं, आणि दर वेळी तेवढंच येतं. लिहून ठेवा: ‘ब कॅमेरा, अधिक एक’. एडिटरला ही चिठ्ठी कार्डासोबत द्या. फरक दर वेळी वेगळा येत असेल तर मात्र वायर, फ्रेम रेट, जॅम, याच क्रमाने शोधा.

जेवणानंतर ॲपवर पुन्हा एकदा नजर टाका. चांगले बॉक्स दिवसात एका फ्रेमच्या आत राहतात, पण कोणीतरी फोन चार्ज करायला बॉक्सची वायर काढलेली असते, कोणाच्या तरी खिशात बटण दाबलं गेलेलं असतं.

बैठक: लांब टेकचं दुखणं

शास्त्रीय बैठकीत एक राग तासभर सहज चालतो. सुरुवातीचा नंबर अगदी बरोबर असला तरी शेवटच्या द्रुत बंदिशीत तबल्यावर पडणारं बोट आणि आवाज यांत दोन फ्रेमचा फरक आलेला असू शकतो. बोलणाऱ्या माणसाच्या ओठांवर हा फरक कित्येकांना कळत नाही. तबल्यावर कळतो. ‘धा’ आधी दिसतो, मग ऐकू येतो, आणि एकदा दिसला की दुसरं काही दिसत नाही.

उपाय सोपा आहे: टेक तोडा. एक राग संपला, टाळ्या सुरू झाल्या, तानपुरे पुन्हा जुळवायला घेतले की तेवढ्यात सगळे कॅमेरे थांबवून परत रोल करायचे. नव्या क्लिपला नवा, खरा नंबर मिळतो. सगळे एकदम थांबवू नका, एकामागून एक थांबवा, म्हणजे कोणता ना कोणता कॅमेरा चालू राहतो आणि गायकांनी मध्येच एखादी आठवण सांगितली तर ती सुटत नाही. रेकॉर्डर मात्र थांबवायचा नाही. त्याचं घड्याळ सगळ्यांत विश्वासाचं. शिवाय बैठकीत रेकॉर्डर थांबवायचा नसतो, हा मला शिकवलेला पहिला नियम.

ज्या कॅमेऱ्यावर एलटीसी आवाज म्हणून रेकॉर्ड होतोय, तिथे एक बोनस आहे. त्या क्लिपमध्ये नंबर फक्त सुरुवातीला नाही, सबंध लांबीभर आहे. शेवटचं मिनिट कापून त्याची वेगळी फाइल केलीत आणि तिचा टाइमकोड वाचलात, तर तासाभरात कॅमेरा नेमका किती सरकला ते कळतं. मग एडिटरने रागाच्या मध्ये जिथे दुसऱ्या कॅमेऱ्यावर कट जातो, तिथे क्लिप कापून एक फ्रेम सरकवायची. कोणाच्या बापाला कळत नाही.

नाटक: आवाज जुळवून सिंक करणाऱ्यांसाठी

"एवढा खटाटोप कशाला? सॉफ्टवेअर वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटेचा आकार, बघून जुळवतंच की." बरोबर आहे, जुळवतं. कॅमेरे रंगमंचाजवळ असतील तर छानच जुळवतं. पण बालगंधर्वसारख्या मोठ्या नाट्यगृहात मागच्या रांगेपाशी लावलेला मास्टर कॅमेरा घ्या. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. कॅमेरा रंगमंचापासून २५ मीटरवर असेल, तर नटाचं वाक्य त्याच्या माइकवर ७३ मिलिसेकंद उशिरा पोचतं. चित्र मात्र तत्क्षणी पोचतं. आता सॉफ्टवेअर काय करतं? कॅमेऱ्याचा उशिरा आलेला आवाज नटाच्या कपड्यावरच्या लेपल माइकच्या आवाजावर नेऊन बसवतं, म्हणजे सगळी क्लिपच ७३ मिलिसेकंद अलीकडे ओढतं. परिणाम: ओठ आधी हलतात, आवाज जवळजवळ दोन फ्रेम मागून येतो. आणि सॉफ्टवेअर अभिमानाने सांगतं, सिंक शंभर टक्के.

टाइमकोडला आवाज पोचला की नाही याच्याशी घेणंदेणं नसतं. तो दोन्हीकडे एकाच क्षणाला एकच नंबर लिहितो. हॉल मोठा असेल तर माझ्या मते टाइमकोडला पर्याय नाही. भरत नाट्य मंदिरात पुढे लावलेल्या दोन कॅमेऱ्यांसाठी बॉक्स परवडत नसतील तर वेव्हफॉर्मने भागवा, मी भांडणार नाही.

मिरवणूक: सगळ्यात अवघड परीक्षा

अनंत चतुर्दशीला सकाळी मंडईत टिळकांच्या पुतळ्यापासून मानाचा कसबा गणपती निघतो, आणि लक्ष्मी रोडवरून एकामागून एक मंडळं अलका टॉकीजच्या चौकाकडे सरकत दुसऱ्या दिवसापर्यंत मिरवणूक चालते. एक कॅमेरा बेलबाग चौकात, एक कोणाच्या तरी ओळखीच्या काकांच्या गॅलरीत, एक अलका चौकात, आणि एक पथकाच्या सोबत चालणारा. इथे वेव्हफॉर्मचा काही उपयोग नाही. एका कॅमेऱ्याला दुसऱ्याचा आवाजच पोचत नाही. पोचला तरी ढोल-ताशाचा तोच ठेका दर काही सेकंदांनी फिरून येतो, त्यामुळे सॉफ्टवेअर क्लिप एका आवर्तनाने पुढे नेऊन बसवतं आणि तीही जुळल्यासारखीच वाटते. त्यातून कॅमेऱ्याचा माइक पन्नास ढोलांपुढे फाटलेला, म्हणजे लाटेला आकारच उरलेला नाही. क्लॅप? तिथे कोण ऐकणार?

जॅम घरी करा. चौकात हजारो फोन असतात, ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झची हवा गच्च भरलेली असते, तिथे ॲप बॉक्स शोधत बसतं. आम्ही सदाशिव पेठेतल्या एका घरात टेबलावर सगळं जॅम करतो, चाचणी करतो, बॉक्सची बटणं लॉक करतो आणि मगच पांगतो. त्यानंतर बॉक्सना एकमेकांची गरज नसते, प्रत्येकाचं घड्याळ आपापलं चालत राहतं. बॉक्स गॅफर टेपने बांधा. ढोलाच्या हादऱ्याने नुसतं वेल्क्रो सुटतं. भाद्रपदातल्या पावसासाठी वरून झिपलॉकची पिशवी. नवं कार्ड घातलं की प्रत्येक कॅमेरामनने आपल्या फोनवरचं टाइमकोडचं ॲप दोन सेकंद लेन्ससमोर धरायचं. काही बिघडलं तर निदान तो एक शॉट नंबर सांगतो.

आता मध्यरात्र. टाइमकोड २४ तासांचा असतो. २३:५९:५९:२४ नंतर ००:००:००:०० येतो. साडेअकराला सुरू केलेली क्लिप साडेबारापर्यंत चालली आणि दुसऱ्या कॅमेऱ्याने बारा वाजून पाच मिनिटांनी रोल केला, तर सॉफ्टवेअरला वाटतं दुसरी क्लिप पहिलीच्या जवळजवळ साडेतेवीस तास आधीची आहे. दोन्ही एकत्र येतच नाहीत. रात्री बाराला स्पीकर बंद होतात तेव्हा रस्त्यावर जो थबकलेपणा येतो, त्या वेळी सगळे कॅमेरे आणि रेकॉर्डर थांबवून नव्याने रोल करा. कार्डाचं फोल्डर तारखेने वेगळं काढा. युझर बिट्समध्ये (टाइमकोडसोबत जाणारी जादा नोंद) तारीख टाकायची सोय बहुतेक बॉक्समध्ये आहे, ती वापरा, म्हणजे ००:१०:०० हा कोणत्या रात्रीचा ते नंतर कळतं.

शूट फक्त संध्याकाळी सुरू होऊन सकाळी संपणार असेल, तर याहून सोपी युक्ती आहे: खरी वेळ लावूच नका. सगळे बॉक्स बारा तास मागे लावा. संध्याकाळचे सहा म्हणजे ०६:००:००:००, मध्यरात्र म्हणजे दुपारचे बारा. मध्ये कुठे शून्य येतच नाही. फक्त लॉगशीटच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात ‘अधिक १२’ लिहा, नाहीतर सकाळी कोणीतरी हुशारी करून एका कॅमेऱ्याची वेळ ‘दुरुस्त’ करून ठेवतं.

टेबलावर परत

एडिटिंगसाठी मी डाव्हिंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरते, फुकटच्या आवृत्तीतही हे सगळं होतं. पहिलं काम, प्रोजेक्टचा फ्रेम रेट २५ करणं, क्लिप आत घ्यायच्या आधी. एकदा मीडिया आत आलं की तो बदलू देत नाही. मग एलटीसी आवाज म्हणून असलेल्या क्लिप मीडिया पूलमध्ये निवडा, राइट क्लिक, ‘अपडेट टाइमकोड फ्रॉम ऑडिओ ट्रॅक’. हे फक्त त्याच क्लिपना करा. ज्या कॅमेऱ्यात टाइमकोड थेट गेला आहे त्यांच्या आवाजात एलटीसी नसतो. प्रीमियर आपण होऊन एलटीसी वाचत नाही, तिथे बॉक्सच्या कंपनीचं सॉफ्टवेअर मध्ये घालावं लागतं.

मग व्हिडिओ आणि रेकॉर्डरच्या वेव्ह फाइल एकत्र निवडून ‘ऑटो सिंक ऑडिओ’, त्यात टाइमकोडवर जुळवायचा आणि कॅमेऱ्याचा आवाजही राखायचा पर्याय. आवाज राखायचा पर्याय न घेता नुसतं टाइमकोडवर जुळवलं तर कॅमेऱ्याचा स्क्रॅच आवाज जातो, आणि तो आपल्याला तपासायला हवाय. त्यानंतर सगळ्या कॅमेऱ्यांची मल्टिकॅम क्लिप, सिंक टाइमकोडवर. टेबलावरच्या चाचणीत लिहिलेली ‘ब कॅमेरा, अधिक एक’ची चिठ्ठी इथे काढा आणि तो अँगल एक फ्रेम सरकवा.

तपासताना सुरुवात बघू नका, ती जुळलेलीच असते. प्रत्येक लांब क्लिपच्या शेवटी जा. टाळी, तबला, दार आपटणं, काहीही कडक आवाजाचं शोधा आणि फ्रेम-फ्रेम पुढे जाऊन बघा. शेवट जुळला तर मधलं सगळं जुळलेलं आहे.

एलटीसीचा ट्रॅक एडिट लॉक, म्हणजे पक्का, होईपर्यंत काढून टाकू नका, फक्त म्यूट करा. कॅमेरा सरकल्याची शंका कोणी काढली तर तपासायला तोच लागतो. आणि फायनल मिक्स पाठवायच्या आधी हेडफोन लावून शांत जागांमध्ये एकदा नीट ऐका. कुठल्याही अँगलचा डावा चॅनेल चुकून उघडा राहिला असेल, तर ती किरकिर समारोपाच्या भैरवीखाली बारीक चालू असते.